वाळवंटातली रोषणाई : लास वेगसमध्ये काय पाहावे, काय सोडावे

लास वेगस हे अमेरिकेतल्या नेवाडा राज्याचे सर्वांत मोठे शहर. मोहावी वाळवंटात, उघड्याबोडक्या डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात ते वसले आहे. वर्षाकाठी जेमतेम दहा-अकरा सेंटिमीटर पाऊस पडणाऱ्या या जागी २०२४ साली सुमारे ४ कोटी १७ लाख पाहुणे येऊन गेले. हॉटेलांच्या खोल्या दीड लाखाच्या घरात आहेत. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या सहलीवर निघालेल्या मराठी पर्यटकांच्या वाट्याला हे शहर बहुधा दोन-तीन रात्रींपुरते येते. पाहण्याजोग्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या ठिकाणांची यादी मात्र इतकी लांब असते की सगळे पाहण्याच्या धावपळीत मोलाचे तेवढेच राहून जाते.

निवड करताना एक कसोटी उपयोगी पडते. समोरची गोष्ट फक्त येथेच आहे, की दुसरीकडे आहे तिची नक्कल? पहिल्या प्रकारासाठी वेळ काढावा, पैसेही मोजावेत. दुसऱ्याकडे येता-जाता नजर टाकली तरी पुरते.

पाणी, रेल्वे आणि १९३१

या गावाचा जन्म पाण्यामुळे झाला. वाळवंटातल्या नैसर्गिक झऱ्यांमुळे येथे गवताळ कुरणे होती आणि वाटसरूंचे तांडे मुक्कामाला थांबत. वाफेच्या इंजिनांनाही पाणी लागे, म्हणून रेल्वे कंपनीने ही जागा स्थानकासाठी निवडली आणि १५ मे १९०५ रोजी भूखंडांचा लिलाव केला. हाच गावाचा स्थापना दिवस मानला जातो. उपसा वाढत गेला आणि १९६२ साली ते झरे आटले. त्यांच्या जागेवर आज स्प्रिंग्ज प्रिझर्व्ह हे वाळवंटी उद्यान व संग्रहालय आहे. हे शहर पाण्यावाचून कसे जगते, हे समजून घ्यायला त्याच्याइतकी चांगली जागा नाही. शिवाय तेथे गर्दीही कमी असते.

१९३१ साल निर्णायक ठरले. १९ मार्चला नेवाडाने जुगार कायदेशीर केला आणि त्याच वर्षी कोलोरॅडो नदीवर हूवर धरणाचे काम सुरू झाले. मंदीच्या काळात हजारो कामगार आले. त्यांच्यासाठी सरकारने बोल्डर सिटी हे वेगळे गाव वसवले आणि तेथे जुगाराला बंदी केली. ती आजही लागू आहे. त्यामुळे पगार हाती पडला की कामगार लास वेगसच्या फ्रीमाँट स्ट्रीटवर येत.

१९४१ साली गावाच्या हद्दीबाहेर, लॉस एंजेलिसकडे जाणाऱ्या रस्त्यावर एल रँचो वेगस हे पहिले कॅसिनो-हॉटेल उघडले. १९४६ साली बग्सी सीगल या गुंडाच्या पुढाकाराने फ्लेमिंगो उभे राहिले. त्यानंतर त्या रस्त्यावर हॉटेलांची रीघ लागली. हाच आजचा ‘स्ट्रिप’. त्याची लांबी सुमारे ६.८ किलोमीटर असून बहुतांश भाग लास वेगस पालिकेच्या हद्दीत येतच नाही. शहराने हा भाग आपल्यात सामावून घेऊन कर लावू नये, म्हणून १९५० साली पॅरडाइज नावाची वेगळी वस्ती घोषित करण्यात आली. पर्यटक ज्याला लास वेगस म्हणतो ते खरे तर पॅरडाइज आहे.

फुकटातले सर्वोत्तम

स्ट्रिपवरच्या काही उत्तम गोष्टींना तिकीट नाही. हॉटेलांचे गणितच तसे आहे. पाहुणा दारापाशी थांबला की आत येतो, आत आला की जेवतो, खरेदी करतो, पत्ते खेळतो. मोठ्या कॅसिनो-हॉटेलांच्या उत्पन्नात आता जुगाराचा वाटा निम्म्याहून कमी आहे. बाकीचे उत्पन्न खोल्या, जेवण आणि कार्यक्रम यांतून येते. दारातला देखावा हे या धंद्याचे भांडवल आहे आणि त्याचा लाभ पैसे न खर्चताही घेता येतो.

यात पहिला मान बेलाजिओ हॉटेलच्या कारंज्यांचा. १९९८ साली सुरू झालेली ही कारंजी साडेआठ एकरांच्या कृत्रिम तळ्यात बसवली आहेत. बाराशेहून अधिक तोट्या आणि साडेचार हजार दिवे यांची मांडणी आहे. काही तोट्या यंत्राच्या साहाय्याने कोणत्याही दिशेला वळतात आणि पाण्याची धार नर्तकीच्या हातासारखी झुलवतात. काहींमध्ये दाबाखालची हवा साठवलेली असते. ती एकदम सुटली की पाण्याचा स्तंभ तोफेसारखा आवाज करत वर उसळतो. सर्वांत जोरकस धार १४० मीटरपर्यंत जाते. दुपारी साधारण दर अर्ध्या तासाने आणि रात्री दर पंधरा मिनिटांनी, प्रत्येक वेळी एकेका गाण्यावर हा खेळ होतो. वारा जोराचा असला तर तो रद्द करतात. हे तळे पूर्वीच्या ड्यून्स हॉटेलच्या जागेवर आहे आणि त्याला पाणी पुरते ते त्या हॉटेलच्या गोल्फ मैदानासाठी खोदलेल्या विहिरीचे, शहराच्या नळाचे नव्हे. एक खेळ दिवसा आणि एक रात्री पाहावा. दिवसा यंत्रणा कळते, रात्री तिचा परिणाम.

बेलाजिओच्या आत स्वागतकक्षाच्या छताला डेल चिहुली या काचकलावंताने घडवलेली सुमारे दोन हजार काचफुले लावली आहेत. तेथून चार पावलांवर काचेच्या छताखालचा बगीचा आहे. हजारो ताज्या फुलांनी केलेली त्याची सजावट ऋतूंप्रमाणे आणि चिनी नववर्षानिमित्त बदलते. सकाळी लवकर गेल्यास गर्दी नसते आणि फुले निवांत पाहता येतात. मुले बरोबर असतील तर फ्लेमिंगो हॉटेलच्या आवारातले रोहित पक्षीही पाहावेत. तेथेही तिकीट नाही.

स्ट्रिपच्या दक्षिण टोकाला १९५९ साली बेटी विलिस हिने रेखाटलेली प्रसिद्ध स्वागतपाटी आहे. तिने या रचनेवर हक्क राखून ठेवला नाही, ती शहराला भेट दिली. म्हणूनच ती आज प्रत्येक कपावर नि चुंबकावर दिसते. छायाचित्रासाठी दिवसभर रांग असते. सकाळी सातच्या आत गेल्यास ती टळते.

जुन्या माहितीपुस्तकांवर मात्र विसंबू नये. मिराज हॉटेलचा ज्वालामुखी १९८९ पासून फुकट पाहायला मिळे, पण जुलै २०२४ मध्ये हॉटेल बंद झाले आणि ज्वालामुखीही गेला. ट्रेझर आयलंडसमोरचा चाच्यांचा खेळ २०१३ सालीच थांबला. १९५७चे ट्रॉपिकाना हॉटेल ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरुंग लावून पाडण्यात आले. या शहराला जुने पाडून नवे बांधायची सवय आहे, त्यामुळे यादी दरवर्षी ताजी करून घ्यावी लागते.

तिकीट काढण्याआधी

२९ सप्टेंबर २०२३ रोजी उघडलेला स्फिअर हा ११२ मीटर उंचीचा गोल रंगमंच आहे. त्याच्या बाहेरच्या सुमारे ५४ हजार चौरस मीटर पृष्ठभागावर दिव्यांची चित्रे सतत बदलत असतात. कधी चंद्र दिसतो, कधी मिचकावणारा डोळा. हे बाहेरचे दर्शन फुकट आहे आणि जवळच्या पादचारी पुलांवरून चांगले मिळते. आतला पडदा प्रेक्षकाला वरून आणि बाजूंनी वेढतो. असा अनुभव दुसरीकडे मिळत नाही, पण एका चित्रपटाचे तिकीट बहुधा शंभर डॉलरच्या आसपास किंवा त्याहून महाग पडते. चौघांच्या कुटुंबाने एकच मोठा खर्च करायचे ठरवले असेल, तर स्फिअर आणि सर्कस द्यू सोलेचा एखादा प्रयोग यांतून निवड करावी.

त्यातही बेलाजिओमधला ‘ओ’ हा जलप्रयोग वेगळ्या तोडीचा आहे. १९९८ पासून तो याच रंगमंचावर होतो, कारण तो दुसरीकडे नेताच येत नाही. रंगमंचाच्या जागी सुमारे ५७ लाख लिटर पाण्याचा हौद आहे आणि त्यात वर-खाली होणारी जमीन आहे. ज्या जागी कलावंत आता चालत होता, तेथेच काही क्षणांत दुसरा उंचावरून सूर मारतो. भाषा कळण्याची अट नसल्याने वडीलधाऱ्यांनाही तो तितकाच भावतो.

शहर उंचावरून पाहण्याच्या तीन जागा प्रसिद्ध आहेत. त्यांतली एकच पुरे. हाय रोलर हा २०१४ साली सुरू झालेला १६७ मीटर उंचीचा आकाशपाळणा अर्ध्या तासात एक फेरी पूर्ण करतो. बंद, थंड डब्यात बसायचे असल्याने वृद्धांना तो सोयीचा. पॅरिस हॉटेलचा आयफेल मनोरा मूळ मनोऱ्याच्या निम्म्या उंचीचा, म्हणजे १६५ मीटरचा. नक्कल असली तरी तो बेलाजिओच्या तळ्यासमोरच असल्याने कारंजी वरून दिसतात. तेवढ्यासाठी रात्री तेथे जायला हरकत नाही. उत्तर टोकाचा स्ट्रॅट मनोरा ३५० मीटरचा आहे. सगळा स्ट्रिप एका रेषेत तेथूनच दिसतो, पण मुख्य वस्तीपासून तो लांब पडतो. त्याच्या माथ्यावरचे पाळणे धाडसी तरुणांसाठी आहेत.

व्हेनिशियन हॉटेलचा कालवा दुसऱ्या मजल्यावर, रंगवलेल्या आभाळाखाली आहे. काठाने फिरायला पैसे पडत नाहीत, आणि नावेतली फेरी छोटी असल्याने तिकिटाचा मोबदला मिळत नाही. ती सोडावी. मेणाच्या पुतळ्यांचे मादाम तुसाँ जगातल्या अनेक शहरांत आहे, तेही सोडावे. चॉकलेटच्या आणि शीतपेयांच्या बहुमजली इमारती प्रेक्षणीय स्थळे म्हणून सांगितल्या जातात, पण ती दुकाने आहेत.

जुन्या गावातले दोन तास

स्ट्रिपच्या उत्तरेला, खऱ्या लास वेगस शहरात, फ्रीमाँट स्ट्रीट आहे. १९३१च्या कायद्यानंतरचा पहिला परवाना याच रस्त्यावरच्या नॉर्दर्न क्लबला, मेमी स्टॉकर या महिलेच्या नावावर मिळाला. स्ट्रिपने गिऱ्हाईक ओढून नेल्यावर १९९५ साली या रस्त्यावर कमानदार छत घालण्यात आले आणि त्याखाली वाहनांना बंदी झाली. छताच्या आतल्या बाजूच्या, सुमारे ४०० मीटर लांबीच्या पडद्यावर रात्री चित्रफिती चालतात. वातावरण मोकळे, गोंगाटाचे आणि उशिरा रात्री बरेच उच्छृंखल असते. लहान मुलांना घेऊन जायचे तर दिवेलागणीच्या सुमारास जाऊन लवकर परतावे.

याच भागात शहराची दोन उत्तम संग्रहालये आहेत. मॉब म्युझियम १९३३च्या टपाल कचेरी व संघीय न्यायालयाच्या इमारतीत २०१२ साली उघडले. सिनेटर एस्टिस कीफॉव्हर यांच्या समितीने संघटित गुन्हेगारीची देशभर चौकशी केली, तेव्हा नोव्हेंबर १९५० मध्ये तिची एक सुनावणी याच इमारतीत झाली होती. ते न्यायदालन आता प्रदर्शनाचा भाग आहे. गुंडांच्या पैशातून कॅसिनो कसे उभे राहिले, तिजोरीत मोजणी होण्याआधीच रोकड कशी काढून घेतली जाई आणि कायद्याने ते कसे मोडून काढले, याची नीट मांडणी येथे आहे. दोन-तीन तास हाताशी ठेवावेत.

निऑन म्युझियममध्ये पाडलेल्या हॉटेलांच्या पाट्या उघड्या आवारात जपून ठेवल्या आहेत. वास्तुकार पॉल विल्यम्स यांनी आखलेल्या ला कोंचा मोटेलचा शिंपल्यासारखा स्वागतकक्ष तुकडे करून येथे आणला आणि पुन्हा जोडला. तेच या संग्रहालयाचे प्रवेशद्वार. जवळून पाहिले की या पाट्यांवरचे हातकाम दिसते. काचेच्या नळ्या तापवून हाताने वाकवलेल्या आहेत, पत्र्यावर रंगाचे थर चढवलेले आहेत आणि उन्हाने त्यांचे पोपडे निघाले आहेत. सर्वच पाट्या पेटत नाहीत. ज्या पेटतात त्यांच्यासाठी संध्याकाळचे तिकीट आधी काढून ठेवावे, ती लवकर संपतात.

स्ट्रिपपासून थोड्या अंतरावर फ्लेमिंगो रस्त्यावर अणुचाचण्यांचे संग्रहालय आहे. शहराच्या वायव्येला सुमारे १०५ किलोमीटरवर १९५१ ते १९९२ या काळात ९२८ अणुचाचण्या झाल्या. त्यांतल्या शंभर जमिनीच्या वर, उघड्या हवेत. पन्नासच्या दशकात हॉटेले पाहुण्यांना छत्रीच्या आकाराचे ढग पाहायला बोलावत. वाऱ्याच्या दिशेने राहणाऱ्या लोकांनी त्याची किंमत आजारपणांनी चुकवली. करमणुकीच्या या शहरात अंतर्मुख करणारी ही जागा चुकवू नये.

धरण आणि डोंगर

लास वेगसला येऊन हूवर धरण न पाहणे म्हणजे या शहराचे मूळच न पाहणे. ते सुमारे ४५-५० किलोमीटरवर आहे. १९३१ ते १९३६ या काळात बांधलेले हे धरण २२१ मीटर उंच, म्हणजे कोयना धरणाच्या दुपटीहून अधिक आहे. काँक्रीट घट्ट होताना तापते. एवढी भिंत सलग ओतली असती तर ती थंड व्हायला सव्वाशे वर्षे लागली असती, असा अभियंत्यांचा हिशेब होता. म्हणून भिंत एकमेकांत अडकणाऱ्या ठोकळ्यांत उभारली. प्रत्येक ठोकळ्यात एक इंची पोलादी नळ्या टाकून त्यांतून गार पाणी खेळवले आणि थंड झाल्यावर त्या सिमेंटने बुजवल्या. अधिकृत नोंदीनुसार बांधकामात ९६ कामगार दगावले.

विद्युतगृहाची फेरी तिकीट काढून करता येते आणि करावीच. धरण संपूर्ण दिसते ते मात्र शेजारच्या, २०१० साली खुल्या झालेल्या पुलाच्या पादचारी मार्गावरून, तेही फुकट. मागच्या लेक मीड जलाशयाच्या कडेने खडकावर पांढरा पट्टा आहे. पाणी पूर्वी कुठवर होते त्याची ती खूण. शहराचे सुमारे ९० टक्के पाणी कोलोरॅडो नदीतून येते आणि जुलै २०२२ मध्ये जलाशय १९३७ नंतरच्या नीचांकावर गेला होता. घरे-हॉटेलांच्या आत वापरलेले जवळपास सर्व सांडपाणी शुद्ध करून पुन्हा जलाशयात सोडले जाते, म्हणून हे शहर टिकून आहे.

पश्चिमेला अर्ध्या तासाच्या अंतरावर रेड रॉक कॅन्यन आहे. २१ किलोमीटरच्या एकेरी रस्त्याने गाडीतून तो पाहता येतो. तांबडा वालुकाश्म म्हणजे जुरासिक काळातल्या वाळूच्या टेकड्या, दगड झालेल्या. त्यावर राखी रंगाचा चुनखडक बसलेला दिसतो. वरचा खडक खालच्याहून कितीतरी जुना आहे. भूकवचाच्या रेट्याने तो वर सरकला. ऑक्टोबर ते मे या काळात प्रवेशाची वेळ आधी राखून ठेवावी लागते. ईशान्येला तासाभरावर व्हॅली ऑफ फायर आहे. तेथे लाल खडकांवर आदिम लोकांनी कोरलेली चित्रे पाहायला मिळतात. उन्हाळ्यात तेथल्या काही पायवाटा बंद ठेवतात. हातात एकच दिवस असेल तर सकाळी रेड रॉक आणि दुपारनंतर धरण हे जमते.

ग्रँड कॅन्यनचा घोळ

‘वेगसहून ग्रँड कॅन्यन’ अशी जाहिरात दिसली की कोणता भाग, हे आधी विचारावे. जवळचा पश्चिम भाग सुमारे २०० किलोमीटरवर, हुआलापाय या आदिवासींच्या जमिनीवर आहे. २००७ साली उघडलेला काचेचा स्कायवॉक तेथेच आहे. तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग नाही, त्याचे तिकीट वेगळे आणि महाग असते. स्कायवॉकवर स्वतःचा फोन किंवा कॅमेरा नेऊ देतात का, हे आधी विचारावे. चित्रांतून ओळखीची असलेली, थरांमागून थर उलगडत जाणारी अफाट दरी म्हणजे राष्ट्रीय उद्यानाचा दक्षिण काठ. तो सुमारे ४५० किलोमीटरवर, साडेचार तासांच्या प्रवासावर आहे. एका दिवसात जाऊन यायचे तर नऊ तास गाडीत जातात. तेथे एक रात्र मुक्काम करावा, सूर्योदय आणि सूर्यास्त पाहावेत. ते जमत नसेल तर रेड रॉक आणि व्हॅली ऑफ फायर यांवर समाधान मानावे.

जुगाराचा हिशेब

गोव्यात मांडवीच्या पात्रातल्या जहाजांवर कॅसिनो आहेत. महाराष्ट्राने मात्र कधीच अमलात न आलेला आपला १९७६चा कॅसिनो कायदा २०२३ साली रद्द केला. त्यामुळे बहुतेक मराठी पर्यटक कॅसिनोत पहिल्यांदा येथेच पाऊल टाकतात. आत फिरायला पैसे लागत नाहीत, पण २१ वर्षांखालच्यांना खेळाच्या जागी थांबता येत नाही.

खेळण्याआधी गणित समजून घ्यावे. अमेरिकी रूलेटच्या चाकावर ३८ खाचा असतात. १ ते ३६ आकडे आणि दोन शून्ये. एका आकड्यावर लावलेला डॉलर जिंकला तर ३५ डॉलर मिळतात, म्हणजे लावलेल्या प्रत्येक शंभर डॉलरमागे सरासरी सव्वापाच डॉलर कॅसिनोकडे राहतात. एका शून्याच्या चाकावर हा वाटा २.७ टक्के असतो, तीन शून्यांच्या चाकावर ७.७ टक्के. हे तीन शून्यांचे चाक स्ट्रिपवर वाढत चालले आहे, ते टाळावे. ब्लॅकजॅकच्या टेबलावर छापलेले प्रमाण वाचावे. ३:२ असेल तर दहा डॉलरवर पंधरा मिळतात, ६:५ असेल तर बाराच. स्लॉट मशीनने लावलेल्या पैशांपैकी दीर्घकाळात किमान ७५ टक्के परत द्यावेत एवढेच नेवाडाचा नियम सांगतो. खेळायचेच तर रक्कम आधी ठरवावी, ती तिकिटाचा खर्च समजावी आणि कार्ड खोलीत ठेवून यावे.

खर्चाचे खाचखळगे आणि आखणी

खोलीच्या भाड्यावर बहुतेक हॉटेले रोजची ‘रिसॉर्ट फी’ लावतात. ती बहुधा ३५ ते ५५ डॉलर असते आणि वर सुमारे १३ टक्के कर. मे २०२५ पासून ही फी जाहिरातीतल्या दरातच दाखवणे संघीय नियमाने सक्तीचे झाले आहे, तरी आरक्षण करताना एकूण रक्कम पाहावी. स्ट्रिपवरच्या अनेक हॉटेलांत गाडी उभी करायलाही पैसे पडतात. फुटपाथवर ‘फुकट तिकिटे’ देऊ करणारे लोक टाइमशेअरच्या विक्रीसाठी बोलावतात आणि त्यात अर्धा दिवस जातो. पिसांचा किंवा कार्टूनचा पोशाख केलेल्यांबरोबर छायाचित्र काढले की पैसे मागितले जातात. ते द्यायचे नसतील तर हसून पुढे जावे.

समोर दिसणारे हॉटेल जवळ वाटते, पण इमारती अवाढव्य असल्याने अंतराचा अंदाज चुकतो. रस्ता ओलांडायला पुलांचे जिने चढावे लागतात. मोनोरेल पूर्वेकडच्या हॉटेलांच्या मागून धावते. दिवसभराचा पास काढून दुमजली बसने फिरणे सर्वांत स्वस्त. ७ जुलै २०२४ रोजी येथे ४८.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे महिने उत्तम. उन्हाळ्यात यावे लागलेच तर उघड्यावरचे सगळे सकाळी दहाच्या आत उरकावे. जानेवारीच्या सुरुवातीला इलेक्ट्रॉनिक्सच्या मोठ्या प्रदर्शनामुळे खोल्यांचे दर चढतात. शनिवार-रविवारपेक्षा आठवड्याच्या मधल्या रात्री स्वस्त पडतात.

तीन दिवसांची आखणी करायची तर पहिली संध्याकाळ स्ट्रिपला द्यावी. कारंजी, बगीचा आणि बाहेरून स्फिअर त्यात पाहून होतात. दुसऱ्या दिवशी सकाळी रेड रॉक, दुपारी विश्रांती, रात्री ‘ओ’ किंवा स्फिअर. तिसऱ्या दिवशी सकाळी हूवर धरण, दुपारी मॉब म्युझियम, दिवेलागणीला निऑनच्या पाट्या आणि तेथून जवळच फ्रीमाँट स्ट्रीट. यात नावेची फेरी नाही, मेणाचे पुतळे नाहीत, घाईघाईची ग्रँड कॅन्यनही नाही. पण पाणी, वीज, पैसा आणि गुन्हेगारी यांतून एक शहर वाळवंटात कसे उभे राहिले आणि कशाच्या बळावर तग धरून आहे, हे या तीन दिवसांत पुरते कळते.